सह्याद्री-कोकणच्या फोटोंसाठी लेन्स फिल्टर: कोणता घ्यावा, कोणता दुकानातच राहू द्यावा

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर चांगला सर्क्युलर पोलरायझर घ्या, म्हणजेच सीपीएल: पान-पाण्यावरची चकाकी अडवणारी, फिरवता येणारी काच. दुसऱ्यासाठी पैसे असतील तर सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). यूव्ही, स्कायलाइट, दिव्यांचे तारे पाडणारा, निळा-नारिंगी रंगीत, पाउचसकट तीन फिल्टरांचा ‘कॉम्बो’ असं बाकी जे काउंटरवर मांडलेलं असतं, त्यातलं बहुतेक नसलं तरी फोटोचं काही अडत नाही. निकाल आधीच सांगून टाकतोय, कारण नवा कॅमेरा घेतला की बिल होता होता “यूव्ही लावून देऊ ना?” असं विचारलं जातं, आपण मान हलवतो आणि फिल्टरसाठी ठेवलेले पैसे सगळ्यात कमी उपयोगाच्या काचेवर जातात.

पोलरायझरला पहिला मान देण्याचं कारण साधं आहे: त्याचं काम नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. व्हाइट बॅलन्स बदलता येतो, आकाश गडद करता येतं, दोन एक्स्पोजर जोडता येतात. पण ओल्या पानावरची पांढरी चकाकी सेन्सरवर पोचली, की पानाचा हिरवा रंग त्या जागी नोंदलाच जात नाही. जे नोंदलं गेलं नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून?

आधी मापाचं बघू, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. लेन्सच्या पुढच्या कडेवर ø हे चिन्ह आणि त्याच्यापुढे आकडा छापलेला असतो. बऱ्याच लेन्स कॅपच्या आतल्या बाजूलाही तो असतो. हा आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. फोकल लेंग्थशी त्याचा काही संबंध नाही. कॅननच्या ईएफ-एस १८-५५ एसटीएमला ५८ मिमी लागतो, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ ला ५५ मिमी, आणि निकॉनच्याच त्याआधीच्या एएफ-एस १८-५५ ला ५२ मिमी. नाव एकच, मापं तीन. म्हणून मॉडेलच्या नावावरून फिल्टर मागवू नका, लेन्स हातात घेऊन आकडा वाचा.

आता हातातल्या लेन्सच्या मापाचा फिल्टर घ्यावा का? थांबा. पुढच्या तीन-चार वर्षांत जी सगळ्यात मोठ्या व्यासाची लेन्स घ्याल असं वाटतं, तिच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. उदाहरणार्थ, कॅननचे १८-५५ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम दोन्ही ५८ मिमीचे, ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ४९ चा, आणि रुंद कोनाचा १०-१८ एसटीएम ६७ चा. इथे ६७ चा सीपीएल आणि ‘५८-६७’, ‘४९-६७’ अशा दोन रिंगा घेतल्या की चारही लेन्सचं भागलं. रिंगेवरचा पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा. उलटी, म्हणजे मोठ्या लेन्सवर छोटा फिल्टर बसवणारी स्टेप-डाउन रिंग स्वस्त वाटते, पण रुंद कोनाला चारही कोपरे काळे करते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असणाऱ्यांनी सरळ ७७ किंवा ८२ धरून चालावं. स्टेप-अपचा एकच तोटा मोठा आहे: मूळ हूड (लेन्सच्या पुढे बसणारी, सावली देणारी कडी) बसत नाही. ऊन बाजूने येत असेल तर हाताची किंवा टोपीची सावली धरावी लागते.

रिंग शक्यतो पितळेची घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे आटे अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत घट्ट रुतून बसतात, पितळेचे सहसा बसत नाहीत. फिल्टरच्या कडेलाही हाच नियम.

पोलरायझर

पोलरायझर वापरायचा कसा, हे समजलं नाही तर महाग-स्वस्त सगळे सारखेच वाटतील. पाणी, पान, काच, रंगवलेला पृष्ठभाग, ओला खडक यांच्यावरून तिरका परावर्तित होणारा प्रकाश बराचसा एकाच प्रतलात कंप पावतो. फिल्टरची पुढची कडी फिरवली की तो प्रकाश अडतो आणि खालचा खरा रंग दिसतो. पाण्याच्या बाबतीत पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांचा कोन ठेवून बघितलं तर परिणाम सगळ्यात जास्त. डोहाच्या अगदी वर उभं राहून सरळ खाली कॅमेरा धरला तर कडी कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. उघड्या धातूवर तर तो जवळजवळ चालतच नाही. समई, पितळी कळस, स्टीलची भांडी यांची चमक आहे तशीच राहते.

निळ्या आकाशावरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा: अंगठा जिथे जिथे वळतो तो आकाशाचा पट्टा गडद होणार. पण हीच गोष्ट रुंद कोनात घात करते. फुल फ्रेमवर २४ मिमीच्या खाली, क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर १६ मिमीच्या खाली गेलात की एवढं आकाश चौकटीत येतं, की मधेच एक गडद निळा डाग आणि दोन्ही बाजूंना फिकं असं दिसतं. डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ आकाशात राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून रुंद फोटो काढताना हा डाग हटकून येतो आणि तो नंतर नीट पुसता येत नाही. तिथे कडी पूर्ण परिणामाच्या थोडी अलीकडे थांबवावी किंवा फिल्टर काढून ठेवावा. जोडून पॅनोरामा करायचा असेल तर काढायचाच.

आपल्याकडे पोलरायझरचा खरा मोसम मात्र पावसाळा. आकाशात मळभ, निळ्याचा पत्ता नाही, म्हणून बरेच जण तो बॅगेतच ठेवतात. नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या जंगलात पाऊस थांबल्यावर एखादं कर्दळीचं किंवा कारवीचं पान बघा: अख्ख्या पानावर आभाळाचं पांढुरकं प्रतिबिंब पसरलेलं असतं. फिल्टर लावून कडी सावकाश फिरवा. पाव फेरीत ते पांढुरकं ओसरतं आणि शिरांसकट हिरवा रंग वर येतो. ओला काळा कातळ, शेवाळ, कासच्या फुलांच्या पाकळ्या, सगळ्यांचं हेच. एका पानावर पटलं की अख्ख्या दरीवर काय होत असेल ते सांगावं लागत नाही.

धबधब्यांना याचा आणखी एक फायदा. सीपीएल सव्वा ते दोन स्टॉप प्रकाश खातो. दाट मळभात झाडीखाली आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर साधारण १/८ सेकंद येत असेल, तर सीपीएलने ते १/३ च्या आसपास जातं. पाण्याच्या धारा रेशमी दिसाव्यात पण त्यांचा आकार मरू नये, यासाठी पाव ते एक सेकंद हीच जागा चांगली. म्हणजे ठोसेघर किंवा मार्लेश्वरला पावसाळी दिवसात वेगळा एनडी लागत नाही. हाच प्रकाशाचा तोटा पक्षी-प्राणी टिपताना नडतो. ताडोब्यात पहाटे झाडीत वाघ असताना दीड स्टॉप घालवणं परवडत नाही, तिथे पुढे काहीही लावू नका.

काही गोष्टी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. कॅमेरा आडवा धरून कडी जुळवली आणि मग उभा केला, तर परिणाम बदलतो, पुन्हा जुळवा. ज्या जुन्या लेन्सची पुढची काच फोकस करताना फिरते (कॅननचा एसटीएम येण्याआधीचा १८-५५ हे ओळखीचं उदाहरण), तिथे आधी फोकस, मग कडी. इंद्रधनुष्य समोर असेल तर जपून, त्याचा प्रकाश मुळात पोलराइज्ड असतो. कडी एका बाजूला फिरवली तर रंग उठून दिसतात, पाव फेरी पुढे गेली की कमान दिसेनाशी होते. आणि कडी नेहमी फिल्टर घट्ट होईल त्याच दिशेने फिरवायची. कॅमेऱ्याच्या मागून बघताना ती दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. दुसऱ्या दिशेने फिरवत राहिलात तर फिल्टर हळूहळू सैल होतो आणि कड्याच्या टोकावर असताना तो निसटला तर परत मिळत नाही.

खरेदीच्या वेळी दुकानातच चार गोष्टी तपासता येतात, आणि चांगला दुकानदार त्या करू देतो. पहिली, काउंटरवरच्या बिलिंगच्या मॉनिटरसमोर फिल्टर धरा. आट्यांची बाजू डोळ्याकडे, पुढची बाजू पडद्याकडे. फिरवताना एका जागी पडदा जवळजवळ काळा किंवा गडद जांभळा व्हायला हवा. नुसताच करडा होत असेल तर आतली फिल्म हलकी आहे. दुसरी, आता फिल्टर उलटा करा, आट्यांची बाजू पडद्याकडे. सर्क्युलर असेल तर फिरवल्यावर उजेड जवळपास तसाच राहतो, रंगाची छटा तेवढी थोडी बदलते. याही बाजूने काळा झाला तर तो साधा लिनियर आहे. तो मिररलेसवर बहुतेक वेळा चालून जातो, पण डीएसएलआरचं ऑटोफोकस आणि मीटरिंग गोंधळवू शकतो. तिसरी, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत तिरकं बघा. प्रतिबिंब अंधूक आणि हिरवट-जांभळं असेल तर दोन्ही बाजूंना कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा थर आहे. पांढरं लख्ख दिसलं तर नाही. फिल्टर हलवताना ट्यूबची सरळ रेघ वाकडी-तिकडी होत असेल तर काच सपाट नाही, परत द्या. चौथी, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवून पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टरविना आणि एक फिल्टर लावून काढा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा फिल्टरचा रंगदोष स्वतःच झाकून टाकतो आणि तपासणी फुकट जाते. किंचित पिवळट झाक बहुतेक सीपीएलना असते, ती चालेल. हिरवी नको.

कडी फिरवून बघा, हे वेगळं सांगायला नको. सारखी फिरावी, खडखडू नये.

आता कंपन्या. जर्मन बी+डब्ल्यूचे केझमन सीपीएल सगळ्यात निर्धास्त. कडी पितळेची, पोलरायझिंग फिल्मच्या कडा सीलबंद, कोटिंगवरून पाणी ओघळून जातं. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा सीलबंदपणा महत्त्वाचा आहे. साध्या सीपीएलमध्ये दोन काचांमधल्या फिल्ममध्ये कडेने दमट हवा शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडेपासून चंद्रकोरीसारखा फिकट डाग आत सरकू लागतो. तो पुसून जात नाही, फिल्टर बाद. जपानी होयाच्या एचडी मालिकेतल्या सीपीएलची काच कडक केलेली असते आणि तो नेहमीच्यांपेक्षा कमी प्रकाश खातो. हातात धरून काढणाऱ्यांना तो बरा. होयाचे जुने एचएमसी अजून दुकानांत दिसतात. काच चांगली, पण कोटिंगवर बोटाचा डाग पडला की पुसताना फासत जातो. नीसीचा ‘ट्रू कलर’ पिवळट झाक टाळण्यासाठी बनवलेला आहे आणि ते काम तो करतो. रंगांच्या बाबतीत काटेकोर असाल तर बी+डब्ल्यूच्या आधी तो बघा.

केअँडएफ कॉन्सेप्ट ही चिनी कंपनी बजेटवाल्यांसाठी. दोन-तीन हजारांच्या घरात त्यांच्या वरच्या श्रेणीतला सीपीएल मिळतो, आणि ५८ किंवा ६७ मिमीच्या किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) बी+डब्ल्यूशी तुलना करताना फरक शोधावा लागतो. फरक दिसतो तो २०० मिमीच्या पुढे आणि समोरून दिवा आल्यावर. किट लेन्सवाल्याने इथेच थांबावं, पुढचे पैसे चांगल्या ट्रायपॉडला द्यावेत. चार-पाचशे रुपयांतला, कुठलंही नाव छापलेला सीपीएल मात्र घेऊ नका. त्यात चकाकी अर्धवट जाते आणि फोटो मऊ पडतो, मग पोलरायझरवरचा विश्वासच उडतो. ‘प्रो’, ‘डिजिटल’, ‘एचडी’ हे कडेवरचे शब्द कोणीही छापतं. नामांकित फिल्टरच्या नकला ऑनलाइन भरपूर फिरतात, तेव्हा विक्रेता अधिकृत आहे का ते बघा. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला हातात घेऊन तपासता येणारी दुकानं आहेत. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी वरच्या चार तपासण्या तिथल्या तिथे होतात.

एनडी

एनडीच्या नावांचा गोंधळ आधी सोडवू. एनडी८, ०.९ आणि तीन स्टॉप हे सगळं एकच. एनडी६४, १.८, सहा स्टॉप एकच. एनडी१०००, ३.०, दहा स्टॉप एकच. बी+डब्ल्यूच्या कडेवर १०३, १०६, ११० असं लिहिलेलं असतं, तिथे शेवटचे दोन आकडे स्टॉपचे. हिशोब सोपा: फिल्टरविना आलेल्या शटरला ६४ ने किंवा १००० ने गुणा. सूर्यास्तानंतर गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर १/४ सेकंद येत असेल, तर एनडी६४ ने १६ सेकंद. दुपारी १/६० असेल, तर एनडी१००० ने साधारण १७ सेकंद.

पहिला एनडी दहा स्टॉपचा घ्यायचा मोह होतो, कारण नेटवरचे ढग वाहणारे फोटो त्याचे असतात. माझं मत सहाच्या बाजूने. सकाळ-संध्याकाळच्या प्रकाशात दहा स्टॉप लावले की दोन-चार मिनिटांचं एक्स्पोजर होतं, तोवर प्रकाश बदलतो, नॉइज वाढतो आणि लाटेचा सगळा आकार जाऊन नुसतं धुकं उरतं. खडकावरून परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते दोन सेकंदच पुरे. दहाचा फिल्टर भर दुपारी किंवा वाहणाऱ्या ढगांसाठी. त्यांच्या रंगदोषांची नोंद असू द्या: लीचा ‘बिग स्टॉपर’ निळा जातो, बी+डब्ल्यूचा ११० तांबूस-तपकिरी. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढलं तर दोन्ही सुधारता येतात. स्वस्त दहा स्टॉपमध्ये इन्फ्रारेड प्रकाश गळतो आणि सावल्या विटकरी होतात, ते मात्र सुधारत नाही.

एनडी लावून फोटो काढायची पद्धत ठरलेली आहे आणि क्रम चुकला की फोटो बिघडतो. ट्रायपॉडवर चौकट लावा, ऑटोफोकसने फोकस करा, मग लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. स्टॅबिलायझेशन बंद. फिल्टरविना एक्स्पोजर मोजा, मॅन्युअल मोडमध्ये गुणाकार करून शटर ठेवा. आता फिल्टर लावा, फोकसची रिंग हलू न देता. डीएसएलआर असेल तर मागचं व्ह्यूफाइंडर झाका, कारण तिथून शिरलेला उजेड लांब एक्स्पोजरमध्ये मधोमध पट्टा पाडतो. कॅननच्या पट्ट्याला जो रबरी तुकडा लावलेला असतो तो याच कामासाठी. दोन सेकंदांचा टायमर लावून बटण दाबा. तीस सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) आणि रिमोट. किनाऱ्यावर ट्रायपॉडचे पाय वाळूत आधीच दाबून रोवा. लाट आली की वाळू सरकते, आणि पाय एक मिलिमीटर खचला तरी फोटो हलतो.

फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी फोटोसाठी नको, व्हिडिओसाठी घ्या. तो म्हणजे एकावर एक दोन पोलरायझर. रुंद कोनात शेवटच्या टोकाला नेला की चौकटीवर काळी फुली उमटते. व्हिडिओत मात्र त्याला पर्याय नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० ठेवायचं. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/२.८ वर हे साधायला सुमारे सहा स्टॉप कापावे लागतात. दोन्ही टोकांना थांबे असलेलाच घ्या, म्हणजे फिरवता फिरवता फुलीच्या पट्ट्यात जाणार नाही.

एक सक्त सूचना. एनडी१००० लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका. सूर्यासाठी लागणारा फिल्टर एक लाख पटीने प्रकाश कापतो, म्हणजे घनता ५.०, एनडी१००० त्याच्या शंभरावा भागच. २ ऑगस्ट २०२७ चं खंडग्रास ग्रहण आपल्याकडून दिसणार आहे. ढगांनी वाट दिली तर बघायला सोलर फिल्मच वापरा.

यूव्ही आणि बाकीचे

यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात कामाचा होता, कारण फिल्म अतिनील प्रकाश पकडते. डिजिटल सेन्सरच्या पुढे तो अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. उरला प्रश्न संरक्षणाचा. इथे मत सरळ आहे: धूळ, रंग, खारं पाणी असेल तिथे लावा, एरवी काढा. जेजुरीत सोमवतीला भंडारा उधळतात तेव्हा, विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालात, वारीच्या रिंगणात, मालवणला होडीतून सिंधुदुर्गावर जाताना पुढे फिल्टर हवाच. कॅननच्या १७-४० एफ/४ एलसारख्या काही लेन्स तर पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण धूळ-पाणीरोधक होतात. मात्र भंडारा पुढच्या काचेतूनच येतो असं नाही, झूमच्या फटीतूनही आत जातो. लेन्सवर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा.

पडण्यापासून फिल्टर वाचवत नाही. उलट पातळ काच फुटली तर तिचेच तुकडे लेन्सवर ओरखडे काढतात. धक्का झेलतो तो हूड. १८-५५ एसटीएमला कॅननचा ईडब्ल्यू-६३सी, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ ला एचबी-एन१०६. किटच्या खोक्यात हे सहसा नसतात, वेगळे घ्यावे लागतात, आणि यूव्हीच्या आधी घ्यावेत.

रात्री यूव्ही काढलाच पाहिजे. कोटिंग नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लावलेल्या असतात, मागे सगळा अंधार. अशा चौकटीत प्रत्येक ठळक ज्योतीचं उलटं, हिरवट प्रतिबिंब चौकटीच्या मध्यबिंदूच्या पलीकडे उमटतं. लेन्स खराब झाली म्हणून दुरुस्तीला नेणारे असतात. दोष फक्त त्या काचेचा असतो. लांब टेलीवरही तेच. ३०० मिमीच्या पुढे स्वस्त, असमतल काच फोटो मऊ करते. शंका आली तर ट्रायपॉडवरून लांबच्या दुकानाच्या पाटीचा फोटो फिल्टरसह आणि फिल्टरविना काढा, अक्षरांच्या कडा ताडून बघा.

अर्धा गडद ग्रॅज्युएटेड एनडी आज गरजेचा राहिलेला नाही. सह्याद्रीचं क्षितिज सरळ नसतंच. कड्याचं टोक गडद भागात जाऊन काळं पडतं. रॉ फाइल किंवा दोन-तीन एक्स्पोजर घेऊन हे नीट जमतं. समुद्राच्या सरळ क्षितिजासाठी ज्यांना हवाच असेल त्यांनी चौकोनी काच बसणारा १०० मिमी होल्डर आणि तीन स्टॉपचा सॉफ्ट, म्हणजे गडद भाग हळूहळू विरत जाणारा घ्यावा. गोल, आट्यांचा ग्रॅज्युएटेड घेऊ नये, त्यात क्षितिज कायम मधोमध अडकतं. लग्नांच्या शूटिंगमध्ये चाललेले, दिव्यांभोवती मऊ धुकं आणणारे ब्लॅक मिस्ट फिल्टर १/८ चे घ्यावेत. १/४ मध्ये मांडवाच्या एलईडी माळांभोवती इतकं धुकं येतं की चेहऱ्यांची धार जाते, आणि ते नंतर काढता येत नाही.

जपणूक थोडक्यात. किनाऱ्यावरून आल्यावर फिल्टर आधी कोरडा पुसू नका, मिठाचे कण कोटिंग ओरबाडतात. ब्लोअरने फुंका, साध्या पाण्याने ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने टिपा, मग कोरड्याने. बी+डब्ल्यूसकट कुठलाच सीपीएल पाण्यात बुडवू नका. पावसाळ्यात ट्रेकहून आल्यावर फिल्टर लेन्सवरच ठेवून बॅग बंद केली, तर मधे अडकलेल्या ओलाव्याने दोन्ही काचांना बुरशी धरते. काढा, पुसा, सिलिका जेल असलेल्या घट्ट डब्यात वेगवेगळे ठेवा.

फिल्टर अडकला तर बोटांच्या चिमटीत आवळू नका. दोन बाजूंनी दाब आला की कडी लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. भाजीच्या जुडीला असतो तसा रुंद रबरबँड कडीभोवती गुंडाळा आणि पाचही बोटांनी सारखं धरून हलकेच फिरवा. नाही सुटला तर रबरी तळव्याच्या चपलेवर लेन्स उपडी टेकवा, कडीच्या सगळ्या कडेवर सारखा दाब येऊ द्या आणि लेन्स फिरवा. सीपीएल असेल तर पुढची कडी नुसतीच गरगरत राहते, म्हणून पकड मागच्या अरुंद कडीवर हवी. तिथे प्लास्टिकचे फिल्टर रेंच लागतात. ते जोडीने मिळतात आणि स्टेप-अप रिंगा सोडवायलाही तेच चालतात, तेव्हा रिंगा घेतानाच त्याच मापाची जोडी बिलात घ्या.